रुमालाखालचा भाव आणि उघडी वही

  कोणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कोणी वावरातून येऊन नुकत्याच टेकल्या असाल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे ठेवा.

आज धंदा आणि गावाचं भलं एका जागी कसं नांदतं, याचा जुना इतिहास सांगणार आहे. पण सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

आमचा गट 11 जणींचा. उन्हाळ्यात उडदाचे पापड आणि कुरडया करतो, महिन्याला बचत टाकतो, आपसात कर्ज देतो. बारावीपर्यंत शिकलेली मी एकटी, म्हणून वही माझ्याकडे. घरी फळीवर ठेवलेली असायची. बैठकीत मी सांगायची, इतके जमले, इतके दिले, आणि सगळ्या मान डोलवायच्या. एका वर्षी कुणीतरी म्हणालं, पापडाच्या पैशात 1400 रुपये कमी लागतात. माझ्या तोंडावर कोणी बोललं नाही, पण हापशीवर बोलणं सुरू झालं. तीन महिने बैठक झाली नाही. दोघींनी बचत थांबवली. एकीला मुलाच्या दवाखान्यासाठी पैसे लागले, तेव्हा गटाकडे न येता तिनं हप्तेवाल्या फायनान्सकडून उचलले. दर आठवड्याला हप्ता. त्यासाठी ती आजही मजुरीला जादा जाते.

शेवटी गटातल्या सगळ्यात वयस्क माय आमच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "वही वाचून दाखव वं पोरी. आमाले काय लिहिलं ते तं समजू दे." मी रडतच वही काढली. सगळ्या जमल्या. पहिल्या पानापासून वाचलं. दोन तासांत चूक सापडली. एकीची कर्जफेड मी दुसरीच्या रकान्यात लिहिली होती. पैसा कुठंच गेला नव्हता. पण तीन महिने गेले होते, आणि एक बाई कर्जात गेली होती.

तेव्हा मला वाटायचं, माझ्यावर अन्याय झाला. आता वाटतं, चूक माझीच होती. मी चोरी केली नाही, पण वही झाकून ठेवली. झाकलेल्या हिशेबावर कोणी किती दिवस भरवसा ठेवेल? मग मी जुनं वाचायला लागले. आपल्या वऱ्हाडात, आपल्या राज्यात, लोकांनी एकत्र येऊन धंदे उभे केले ते कसे टिकले? जिथं जिथं पाहिलं तिथं मला वहीच दिसली. तीच गोष्ट आज सांगते.

आधी आपला कापूस. पराटी आपल्याला नवीन नाही. वेचणीला जाऊन काट्यावर गाठोडं ठेवलं की किलो कमी भरल्याचा अनुभव तुमच्यातल्या कितीतरी जणींना असेल. हा काटा दीडशे वर्षांपासून आपल्या मागे आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग त्यांची नजर वऱ्हाडावर पडली. भाव आभाळाला भिडले. लोकांनी ज्वारीच्या वावरात पराटी लावली. युद्ध संपलं, भाव कोसळले, सावकाराचं कर्ज मात्र राहिलं. 1870 मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, तो या कापसासाठीच. खामगाव वऱ्हाडातली मोठी कापसाची पेठ झाली. माल इथून निघून थेट विलायतेला जाऊ लागला.

पण भाव कसा ठरायचा? जुन्या बाजारांत एक रीत होती. दलाल आणि खरेदीदार एका रुमालाखाली हातात हात घालत आणि बोटं दाबून भाव ठरवत. ज्याचा माल, तो शेतकरी बाजूला उभा. त्याला रुमाल दिसायचा, बोटं दिसायची नाहीत. बाहेर येऊन दलाल जो आकडा सांगेल तो खरा. शिवाय हमाली, तोलाई, धर्मादाय, नमुन्याचा कापूस असं कापून जे उरेल ते शेतकऱ्याचं.

अशीच झाकलेली दुसरी वस्तू म्हणजे सावकाराची वही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की बहुतेक ठिकाणी लोकांनी मागितली ती कर्जाची खतं आणि वह्या, आणि त्यांची होळी केली. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण काय लिहिलंय ते कधी कळलं नाही, तो कागदच त्यांनी जाळला. सरकारनं चौकशी नेमली आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पण वही जाळून राग निघतो, हिशेब कळत नाही. नवी वही पुन्हा सावकारच लिहितो.

वऱ्हाडात वेगळा मार्ग निघाला. तेव्हा वऱ्हाडचा मुलूख निजामाचा, पण 1853 पासून कारभार इंग्रजांकडे. 1886 मध्ये कारंजा इथं, म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यात, सरकारी हुकमानं नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. देशातला असा पहिला बाजार तोच मानतात. पुढं 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाच झाला. बाजाराची जागा ठरली, त्यावर देखरेख करायला समिती आली. 1928 मध्ये शेतीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशननं सांगितलं की असे बाजार देशभर व्हावेत. आज आपण ज्याला मार्केट यार्ड म्हणतो, जिथं बोली मोठ्यानं पुकारतात, त्याचं मूळ आपल्या वऱ्हाडात आहे. याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

पण पूर्ण खरंही सांगायला हवं. तो कायदा शेतकऱ्याच्या कळवळ्यानं आला नव्हता. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस नियमित हवा होता. आणि बाजारावर देखरेख करणाऱ्या त्या पहिल्या समित्यांमध्ये भरणा होता व्यापाऱ्यांचा. पिकवणारा तिथंही बाहेरच उभा होता. म्हणजे रुमाल निघाला, पण वही अजून दुसऱ्याच्याच हातात होती.

वही आपल्या हातात घेण्याची युक्ती जगात कुणी केली? त्यासाठी जरा दूर, इंग्लंडला जाऊ. मँचेस्टरजवळच रॉचडेल नावाचं गाव आहे, विणकरांचं. आपल्यासारख्यांचा कापूस जिथं जायचा, त्याच मुलखातले हे मजूर. मजुरी कमी, आणि दुकानदार पिठात भेसळ करायचे, माप कमी द्यायचे. 1844 मध्ये 28 जणांनी एकेक पौंड जमवला. काहींना तेवढेही एकदम जमेनात, म्हणून आठवड्याला थोडे थोडे टाकले. आपली बचत असते ना, तशीच. 21 डिसेंबर 1844 ला त्यांनी दुकान उघडलं. माल किती? थोडं लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. गावातले दुकानदार हसले.

त्यांचे नियम मात्र ऐका. माल चोख, माप पुरं. उधारी नाही. पैसा कमी टाकलेला असो की जास्त, मत एकेकाला एकच. नफा उरला तर ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत. आणि हिशेब ठरलेल्या मुदतीनं सगळ्या सभासदांपुढे मांडायचा. त्या दुकानात बाईलाही सभासद होता येत होतं. इंग्लंडात लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवायचा पूर्ण हक्क 1882 मध्ये मिळाला. त्याच्या कितीतरी आधी तिला या दुकानात मत होतं. जगातल्या सहकारी संस्था आजही त्या 28 जणांचे नियम थोड्याफार फरकानं पाळतात.

आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 मध्ये आला. सावकाराला पर्याय म्हणून गावागावांत सोसायट्या निघाल्या. स्वातंत्र्यानंतर अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. 1950 मध्ये तिथं गाळप सुरू झालं. आपल्याकडे 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी आली, पणन महासंघ आला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कापसाच्या गाड्यांची रांग आणि चुकाऱ्याची वाट पाहणं आठवत असेल.

ही सगळी कामं मोठी आहेत. पण एक प्रश्न विचारते. यात बाई कुठं होती? पेरणीत होती, निंदणीत होती, वेचणीत तर तीच होती. पण सातबारा घरधन्याच्या नावावर, म्हणून सोसायटीचं सभासदत्व त्याच्या नावावर, म्हणून चुकाराही त्याच्याच नावावर. कापसाच्या बोंडाला हात तिचा आणि पावतीवर अंगठा त्याचा. ही वही आपल्यापर्यंत यायला अजून वेळ होता.

ती आली पापडातून. लिज्जतचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय, पण त्याची सुरुवात फार थोड्यांना ठाऊक असते. 15 मार्च 1959. मुंबईत गिरगावातल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात बाया जमल्या. गुजराती घरांतल्या, फार न शिकलेल्या. पापड लाटता येतो, एवढंच भांडवल. छगनलाल पारेख, ज्यांना छगनबापा म्हणत, त्यांच्याकडून 80 रुपये उसने घेतले. देणगी घेतली नाही, उसने घेतले, हे महत्त्वाचं. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. ती ओळखीच्या दुकानदारानं विकली.

सुरुवातीला त्यांच्या मनात होतं की दोन प्रकारचे पापड करावेत, एक चांगला आणि एक स्वस्तातला हलका. छगनबापांनी सांगितलं, हलका माल करूच नका. आणि दुसरं सांगितलं, हा धंदा आहे, तर धंद्यासारखा चालवा, हिशेब चोख ठेवा. मैत्रिणींनो, ही दुसरी शिकवण 80 रुपयांपेक्षा मोठी होती.

पहिल्या वर्षी पावसाळ्यात काम बंद पडलं. ऊन नाही तर पापड वाळणार कसे? पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. काम चालू राहिलं. पहिल्या वर्षाची विक्री 6196 रुपये झाली होती. मोडके पापड शेजाऱ्यांत वाटून टाकले होते. 1966 मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. आज देशभरात हजारो बाया या संस्थेत आहेत. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

आता त्यांची पद्धत पाहा. तिथं कामगार नाही आणि मालकीण नाही, सगळ्या बहिणी. सकाळी शाखेतून मळलेलं पीठ घरी न्यायचं. लाटायचं, वाळवायचं. दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे, तपासून आणि तोलून घेतात, लाटाईचे पैसे तिथंच. नफा झाला तरी वाटून, तोटा झाला तरी वाटून. हिशेब रोजच्या रोज. ज्या घरातून पापड येतो तिथली स्वच्छता पाहिली जाते, कारण एका घरचा खराब पापड सगळ्यांचं नाव घालवतो. मला यातून कळलं की समाजाचं भलं करायला धंदा सैल करावा लागत नाही. उलट बायांचं भलं व्हायचं असेल तर धंदा जास्त कडक लागतो. वजन पुरं, चव तीच, पैसे वेळेवर.

दुसरी गोष्ट सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची. माण तालुका, आपल्या खारपाणपट्ट्यासारखाच पाण्याला तहानलेला. तिथं चेतना सिन्हा यांच्याकडे लोहारकाम करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांना रोज थोडे पैसे साठवायचे होते, पावसाळ्याआधी झोपडीवर ताडपत्री घ्यायला. पण एवढीशी बचत घ्यायला बँक तयार नव्हती. म्हणून बायांनी ठरवलं, आपलीच बँक काढू. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. तो परत आला. कारण काय, तर सभासद बाया अंगठा लावणाऱ्या, त्यांना लिहिता वाचता येत नाही.

चेतनाताई निराश झाल्या, बाया झाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आम्ही शिकू. दिवसभर राबून रात्री शिकल्या. काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. त्यांचं म्हणणं असं होतं: आम्हाला वाचता येत नाही म्हणून नाकारलं, पण आम्ही लहान होतो तेव्हा गावात शाळाच नव्हती. मोजता मात्र आम्हाला येतं. कुठलीही रक्कम सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो. तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा, बघू कोण आधी सांगतं. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढं त्यांनी आपला सामुदायिक रेडिओही काढला. आज आपण इथं जसं बोलतोय, तसंच त्या माणदेशात बोलतात.

या बँकेकडून आणखी एक शिकण्यासारखं आहे. काही बायांना पासबुक घरी नेण्याची भीती वाटायची. घरात कळलं की पैसे काढून घेतले जातात. बँकेनं त्यावर वाट शोधली. म्हणजे उघडी वही याचा अर्थ चव्हाट्यावर टांगलेली वही असा नाही. जिचा पैसा, तिला सगळं दिसलं पाहिजे. ज्याचा पैसा नाही, त्याला दाखवायची सक्ती नाही.

आता आपल्या बचत गटांकडे येते. 1975 च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ, आपलं माविम, स्थापन झालं. 1992 मध्ये नाबार्डनं देशात 500 गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. 2011 मध्ये आपल्या राज्यात उमेद आलं. आपल्या सगळ्यांना पंचसूत्री पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. प्रशिक्षणात आपण बोटं मोजत म्हणतो आणि करंगळीपर्यंत येता येता कंटाळतो. पण माझ्या अनुभवानं सांगते, हे पाचवं सूत्र ढिलं पडलं की वरची चारही सुटतात. आमची बैठक का थांबली? वही झाकली म्हणून. बचत का थांबली? त्याचमुळे. आणि एक बाई गटाचं कर्ज सोडून बाहेर गेली, तीही त्याचमुळे.

हे फक्त लहान गटांचं नाही. आपल्या राज्यात कितीतरी पतसंस्था बुडाल्या, लोकांची आयुष्याची पुंजी अडकली. पाटीवर सहकारी लिहिलेलं होतं, पण वार्षिक सभेत प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं. अहवालाचं पुस्तक घरी यायचं आणि रद्दीत जायचं. चार माणसं ठरवायची आणि बाकीचे सही करून चहा पिऊन यायचे. सहकार या शब्दात जादू नाही. सभेत हात वर करून "हा आकडा कसा आला?" असं विचारणारी एक बाई असेल, तर त्या शब्दाला अर्थ आहे.

आता आमच्या गटात काय बदललं ते सांगते. तुम्हालाही जमेल. पहिलं, वही दर बैठकीत मोठ्यानं वाचली जाते. ज्यांना वाचता येत नाही त्या आपापला आकडा लक्षात ठेवून येतात, आणि मला आता माहीत आहे की त्यांची आठवण माझ्या पेनापेक्षा पक्की असते. दुसरं, वही एकीच्या घरी राहत नाही, दर महिन्याला घर बदलतं. आणि लिहायला मी एकटी नाही, आणखी दोघी शिकताहेत. एक तर चाळिशीत पाटी धरून शिकली. तिसरं, पापडाचा भाव ठरवताना उडीद, मसाला, तेल, गॅस, पाकीट आणि आपली मजुरी हे सगळं फळ्यावर लिहितो. पूर्वी मजुरी आम्ही धरतच नव्हतो, आणि म्हणायचो नफा झाला. खरं म्हणजे आमचे हात फुकट विकले जात होते.

यंदा नफ्यातला एक लहान वाटा आम्ही बाजूला काढला. त्यातून त्या फायनान्सच्या कर्जातल्या बाईला गटानं कमी व्याजानं पैसे दिले. ते कर्ज अजून पूर्ण फिटलं नाही, पण आठवड्याच्या हप्त्यांपैकी एक बंद झाला. त्या बैठकीत ती काही बोलली नाही. वही वाचून झाल्यावर स्वतःच्या नावासमोरचा आकडा तिनं बोटानं दाखवायला सांगितला, आणि थोडा वेळ तिथंच बोट ठेवून बसली.

धंदा करणं वाईट नाही, नफा मिळवणंही वाईट नाही. वऱ्हाडाच्या बाजारानं शिकवलं की भाव उघड्यावर ठरला पाहिजे. सुप्यानं दाखवलं की न समजलेली वही शेवटी जळते. रॉचडेलनं माप पुरं ठेवायला शिकवलं, गिरगावच्या सात बायांनी चोख हिशेब शिकवला, आणि म्हसवडच्या बायांनी दाखवलं की अंगठा लावणारीलाही व्याज कळतं.

आता तुमच्या गटाची पुढची बैठक कधी आहे? त्या दिवशी वही मागा. जिच्याकडे वही आहे तिच्यावर संशय म्हणून मागू नका, तिचं ओझं हलकं व्हावं म्हणून मागा. आणि जिच्याकडे वही आहे, तिला माझ्यासारखीला सांगते: कोणी मागायची वाट पाहू नकोस. तूच उघड आणि वाच.

येते मी. नमस्कार.